अंगणातला पाहुणा आणि तळ्यातली बेशरम

मृगाच्या सरी पडून गेल्या की गोंदियाच्या रस्त्यांवर रोपांनी भरलेले टेम्पो आणि हातगाड्या दिसू लागतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून थायलंडचा बारमाही आंबा, रंबुतान, मँगोस्टीन, अॅव्होकॅडो, ड्रॅगनफ्रूट अशी मंडळी ओळीने उभी असतात. प्रत्येक पिशवीला एक चकचकीत चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर फळांनी लगडलेली फांदी असते आणि पिशवीत दोन पाने. शेजारच्या गाडीवर रंगीबेरंगी क्रोटन, भोके पडलेल्या पानांचा मॉन्स्टेरा, काचेच्या वाटीत उभा केलेला ‘लकी बांबू’. कार्यालयातून परतणारे गृहस्थ थांबतात, गृहिणी हात लावून पाहतात, भाव होतो, आणि दोन-चारशे रुपयांचे स्वप्न स्कूटरच्या पायदानावर बसून घरी जाते.

या हौसेची टिंगल करण्याचे कारण नाही. सिमेंटच्या अंगणात कोणी माणूस हिरवे पान वाढवू पाहतो, ही आजच्या काळात समाधानाचीच गोष्ट आहे. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या गाळावर वसलेले कडियम हे गाव आणि त्याचा परिसर शेकडो रोपवाटिकांवर जगतो, तेथून रोपे देशभर जातात, त्यावर हजारो मजुरांची चूल पेटते. प्रश्न हौसेचा नाहीच. ज्या मातीत आणि ज्या हवेत ही रोपे लावली जातात, त्या माती-हवेशी त्यांचे जमते का, आणि न जमल्यास किंवा नको इतके जमल्यास पुढे काय होते, हा प्रश्न आहे. गोंदिया जिल्ह्याला त्याचे उत्तर इतर कोणापेक्षा अधिक चांगले ठाऊक असायला हवे. कारण ते उत्तर या जिल्ह्याच्या तलावांत कित्येक वर्षे उभे आहे.

चिठ्ठीवरचे फळ

रंबुतान आणि मँगोस्टीन ही मलाय द्वीपसमूहाच्या परिसरातली झाडे. वर्षभर दमट हवा, वर्षभर पाऊस आणि फारसा चढउतार नसलेले तापमान, हे त्यांचे माहेर. भारतात ती रुजली ती केरळात, पथनमथिट्टा-कोट्टायमच्या आणि चालकुडीच्या ओलसर बागांत. गोंदियात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकायला भरघोस वाटतो, पण त्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत ओतून मोकळा होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, दुपारी झळा वाहतात. उलट डिसेंबर-जानेवारीत तोच पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो आणि विदर्भातील नीचांकी तापमानाची नोंद पुष्कळदा गोंदियाच्याच नावावर लागते. या दोन टोकांच्या मध्ये मँगोस्टीनने काय करावे? बीपासून वाढवलेल्या मँगोस्टीनला त्याच्या स्वतःच्या देशातही पहिले फळ यायला सात ते दहा वर्षे लागतात. येथे ते पहिला उन्हाळा काढील, तर तेच पुष्कळ. बीपासून केलेल्या रंबुतानाची गंमत निराळीच. त्यातली बरीच झाडे नर निघतात. आठ वर्षे पाणी घालावे आणि शेवटी कळावे की या झाडाला फळ धरणारच नाही.

अॅव्होकॅडोला थंडी-ऊन एक वेळ सोसेल, पण पाय ओले सोसत नाहीत. मुळांशी पाणी साचले की मूळकूज लागते आणि चांगले वाढलेले झाड एका पावसाळ्यात वाळून जाते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. येथली कन्हार जमीन पाणी धरून ठेवते म्हणूनच येथे बांध्या बांधल्या गेल्या. धानाला जे अमृत, ते अॅव्होकॅडोला विष. ड्रॅगनफ्रूटचे त्या मानाने बरे आहे. ते मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेचे, निवडुंगाच्या कुळातले. उंच वाफ्यावर, पाण्याचा निचरा साधून, उन्हाळ्यात सावलीची जाळी बांधून ज्यांनी लावले त्यांना फळे मिळतात. मात्र चाळीसच्या पुढच्या उन्हात त्याच्या खोडावर पिवळे चट्टे पडतात आणि त्याचे फूल रात्री उमलून सकाळी मिटते. काही वाणांना दुसऱ्या वाणाचा पराग लागतो, तेव्हा रात्री दिवा घेऊन कुंचल्याने परागीकरण करण्याची तयारी हवी. हे टेम्पोवाला सांगत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने या फळाचे नाव ‘कमलम्’ ठेवले. नाव गोड आहे, परंतु नामकरणाने वेलीचा स्वभाव बदलत नाही.

या सर्वांवर कडी केली ती मियाझाकी आंब्याने. २०२१ मध्ये जबलपूरजवळच्या एका बागेत या आंब्याच्या राखणीसाठी पहारेकरी आणि कुत्री ठेवल्याची बातमी देशभर झळकली आणि किलोला लाखांच्या घरातला भाव ऐकून गोंदिया-बालाघाटपर्यंत रोपांची विचारणा सुरू झाली. वास्तविक मियाझाकी हे आंब्याच्या जातीचे नाव नव्हे, ते जपानमधील एका प्रांताचे नाव आहे. तेथे लावली जाते ती ‘अर्विन’ ही जात, आणि तीही जपानी नव्हे, अमेरिकेतल्या फ्लोरिडात निपजलेली. जपानी शेतकरी ती काचघरात वाढवतो, फळाला जाळीत झुलवतो, आणि किमान साडेतीनशे ग्रॅम वजन व ठरलेली गोडी भरली तरच त्याला मानाची चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीची आणि त्या कष्टाची ती किंमत आहे. रोपाची नव्हे. ज्या देशाने आंब्याच्या शेकडो जाती घडवल्या, त्या देशाच्या माणसाने आपल्या धुऱ्यावरचा गावठी आंबा तोडून तेथे ‘लाखाचा आंबा’ लावावा, याला काय म्हणावे?

परके कोण?

येथे एक सोपा आणि चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परदेशी ते सारे वाईट, देशी ते सारे चांगले, असे म्हटले की टाळ्या मिळतात. पण वनस्पतींच्या बाबतीत हा हिशेब टिकत नाही. ज्याला गोंदियात ‘जाम’ म्हणतात आणि पुण्याकडे पेरू, तो उष्णकटिबंधीय अमेरिकेचा. पपई तिकडचीच. सीताफळ आणि चिकू यांचे मूळही तेच. काजू-अननस पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. दसऱ्याला ज्या झेंडूवाचून तोरण पुरे होत नाही, तो मेक्सिकोतून आला. निशिगंधही तिकडचाच आणि देवळाच्या आवारात शतकानुशतके असल्यासारखा वाटणारा पांढरा देवचाफाही तिकडचाच. एवढेच काय, एकादशीच्या खिचडीच्या ताटलीत साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चौघेही अमेरिका खंडाचे रहिवासी. उपवास मात्र शंभर टक्के आपला.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी बाहेरून आलेल्या झाडाला दार लावले नाही. त्यांनी त्याला पारखले. येथल्या ऋतूत ते तग धरते का, पोटाला काही देते का, शेजारच्या झाडाचा गळा तर धरत नाही ना, हे दोन-तीन पिढ्या पाहिले आणि मग त्याला सांदवाडीत जागा दिली. झाडीपट्टीच्या घरामागची सांदवाडी ही या पारखण्याचीच जागा होती. वांगी, वाल, भोपळ्याचा मांडव, कढीपत्ता, लिंबू, जामाचे एखादे झाड, कोपऱ्यात शेवगा आणि सांडपाण्यावर वाढणारी केळ. तिच्यात देशी-परदेशी शेजारी शेजारी नांदले. पारख राहिली होती तोवर काही बिघडले नाही. आज पारख गेली आहे आणि तिची जागा चिठ्ठीवरच्या चित्राने घेतली आहे.

शोभेच्या पानांचा बाजार

फळझाड निदान स्वतःचा निकाल स्वतः लावते. जमले नाही तर मरते. पानांच्या शोभेच्या झाडांचे तसे नाही. ती घरात येतात ती समजुतींचे गाठोडे घेऊन. ‘लकी बांबू’ हा बांबू नाहीच. तो पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या जंगलातला ड्रसिना. चीनमधल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या कांड्या वळवून, लाल फीत बांधून त्याला भाग्य चिकटवले. खरा बांबू गोंदियाच्या जंगलात मुबलक आहे, बुरड समाजाची कितीतरी घरे त्याच्या सुपल्या-टोपल्यांवर जगली. त्या सुपलीला भाव मिळत नाही, आणि दिवाणखान्यात आफ्रिकेचा खोटा बांबू चिनी भाग्य घेऊन उभा राहतो. मनीप्लँटचे मूळ प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावर. तो वाढला तर पैसा येतो, ही समजूत कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, हे ती सांगणाऱ्यांनाच विचारावे.

दुसरी समजूत अधिक सुशिक्षित आहे आणि म्हणून अधिक चिवट. घरात ही झाडे ठेवली की हवा शुद्ध होते, रात्री प्राणवायू मिळतो, असे विक्रेते अमेरिकेच्या ‘नासा’चा हवाला देऊन सांगतात. ‘नासा’ने १९८९ मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता हे खरे. पण तो केला होता हवाबंद पेटीत. पुढे अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. घराच्या दारे-खिडक्यांतून जेवढी हवा सहज बदलते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर प्रत्येक चौरस मीटरला किमान दहा आणि वरच्या अंदाजाने हजार झाडे ठेवावी लागतील, असा त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाणखान्यात मग माणसाला बसायला जागा उरणार नाही. खिडकी उघडणे स्वस्त पडते.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिफनबॅकिया या मोठ्या चट्टेपट्टेदार पानांच्या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळले तर जीभ आणि घसा सुजतो, काही वेळ बोलता येत नाही. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘मुका करणारा ऊस’ असा आहे. आपल्याकडची कण्हेरही विषारीच आहे, पण ती कण्हेर आहे आणि ती खायची नाही, हे आजीला माहीत असते आणि आजी नातवाला सांगते. नव्या झाडाविषयी आजीला काही माहीत नाही, आणि दुकानदाराने सांगितलेले नाही.

पाण्यात ठेवलेल्या झाडांचा धोका तर थेट आरोग्याशी जोडलेला आहे. २००१ मध्ये चीनहून अमेरिकेच्या लॉस एंजेलिस बंदरात उतरलेल्या लकी बांबूच्या पेट्यांतून एडिस जातीचे डास त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्याचे उघड झाले. डेंग्यू पसरवणारे हेच कूळ. स्वच्छ, साठलेले, सावलीतले पाणी त्याला हवे असते. मनीप्लँटची बाटली आणि कुंडीखालची ताटली यांहून चांगली जागा त्याला कोठे मिळणार? धूर मारणाऱ्या यंत्रामागे पोरे धावतात, आणि अळ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या वाटीत सुखाने वाढतात. आठवड्यातून एक दिवस सगळी पाणी-भांडी रिकामी करून घासायची, एवढा नियम ज्या घरात पाळला जाणार नसेल, त्या घराने पाण्यातले झाड ठेवूच नये.

तलाव सांगतात ते

आता मूळ मुद्दा. भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजातील कर्त्या माणसांनी उतार, माती आणि पाण्याची वाट ओळखून पाळी बांधल्या आणि हजारो तलाव, बोड्या उभ्या केल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय परंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडते. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ हे नाव तेवढे उरले आणि लोकांच्या तोंडी त्याचे ‘मामा तलाव’ झाले. या पाण्यावर धान पिकले, ढिवर समाजाची मासेमारी आणि शिंगाड्याची शेती चालली, हिवाळी पाखरे उतरली, सारस नाचले. दिवंगत मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून नवेगावची ही जलसृष्टी अवघ्या महाराष्ट्राच्या घरांत पोहोचली.

या तलावांना ग्रहण लावणाऱ्या कारणांत गाळ आहे, अतिक्रमण आहे, देखभालीची हेळसांड आहे. आणि एक झुडूप आहे. जांभळट-गुलाबी कर्ण्यासारखी फुले येणारे, दिसायला देखणे. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. मूळ दक्षिण अमेरिका. ते येथे वाऱ्याने आले नाही की पक्ष्याने आणले नाही. माणसाने आणले, आणि आणले ते शोभेसाठी, कुंपणासाठी. गुरे तोंड लावत नाहीत, पाणी घालावे लागत नाही, फांदी खोचली की जगते, म्हणून लोकांना त्याचे कौतुक वाटले. काही वर्षांतच ते कुंपण ओलांडून तलावात उतरले. कापले तरी वाढते, उपटून फेकले तरी पडल्या जागी मूळ धरते, पाण्यात जगते आणि कोरड्यातही. तेव्हा लोकांनी त्याला त्याच्या गुणाला शोभेल असे नाव ठेवले, ‘बेशरम’. चाऱ्याच्या ओढीने ज्या शेळ्या त्याचा पाला खाऊ लागतात, त्यांना त्याची चटक लागते. त्यातल्या विषाने त्या झुरतात, पाय लटपटतात आणि शेवटी मरतात.

बेशरमीने काठ व्यापला की तलावाच्या उथळ पाण्यातल्या मूळच्या पाणवनस्पती नाहीशा होतात. माशांना अंडी घालायला तीच जागा हवी असते. बदकांना, कमळपक्ष्याला, सारसाला तीच हवी असते. जाळे फांद्यांत अडकून फाटते. म्हणजे कोण्या एका काळी कोण्या बंगल्याच्या कुंपणावर लागलेल्या शोभेच्या झाडाची किंमत आज ढिवराच्या घरातली बाई मोजते आहे. आणि ती अक्षरशः मोजते आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मासेमार संस्थांनी आणि पुढे बचतगटांतील महिलांनी तलावांत उतरून ही बेशरम मुळासकट काढण्याचे काम हाती घेतले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेचे त्यांना साहाय्य झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की झुडपे खणून काढायची, उघड्या पडलेल्या तळाची नांगरट करायची, आणि पाऊस आला की दुसऱ्या चांगल्या तलावातून मूळच्या पाणवनस्पती आणून त्या हाताने लावायच्या. कोणते पाणगवत कोणत्या माशाच्या कामाचे, हे ज्ञान त्यांच्या ज्येष्ठांकडे होते. ते पुस्तकात नव्हते. जेथे हे काम नेटाने झाले, तेथे देशी मासे परतले. पण हे एकदा करून संपणारे काम नाही. तुटलेला एक तुकडा राहिला तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा रान माजते.

बेशरम हा काही एकटाच अपवाद नाही. जिला इकडे रायमुनिया म्हणतात आणि पश्चिम महाराष्ट्रात घाणेरी, ती लँटाना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. तीही फुलांच्या शोभेसाठी. देशातील वाघांच्या जंगलांविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिने सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात पाय पसरले आहेत. व्याघ्रक्षेत्राच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. तिच्याखाली गवत उगवत नाही, गवत नाही तर चितळ नाही, आणि चितळ नाही तर नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघाने खावे काय? जलपर्णी आली ती तिच्या जांभळ्या तुऱ्यांवर भाळलेल्या बागप्रेमींमुळे. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. झटपट हिरवी भिंत उभी करणारे म्हणून शहरोशहरी लावलेले हे झाड नळ, गटारे आणि श्वसनाच्या तक्रारींमुळे एवढे अडचणीचे ठरले की गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

या साऱ्यांत एक समान धागा आहे. ज्याला ‘अजिबात निगा लागत नाही’ असे सांगून झाड विकले जाते, तेच पुढे आवरत नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने तो गुण आहे, तलावाच्या दृष्टीने तोच दोष. म्हणून छाटलेला मनीप्लँट, कंटाळा आलेले जलपात्रातले शेवाळ-गवत, कुंडीतून उपसलेल्या गड्ड्या तलावाच्या पाळीवर किंवा नाल्यात नेऊन टाकण्याची जी सवय गोंदियापासून अर्जुनीपर्यंत पडली आहे, ती अडाणीपणाची नव्हे, अपराधाची मानली पाहिजे. ते सारे उन्हात कडकडीत वाळवावे आणि मगच खतात घालावे. नगर परिषदा आणि ग्रामपंचायतींना यासाठी नवा कायदा नको, पाळीवर एक फलक आणि थोडी जरब पुरे.

लाल पान कोठे शोधावे

क्रोटनच्या लाल पानावर जीव टाकणाऱ्यांनी फाल्गुन-चैत्रात एकदा नागझिऱ्याच्या वाटेने जाऊन यावे. कुसुंबाचे झाड त्या दिवसांत अंगभर लालबुंद पालवते, दुरून पाहणाऱ्याला ते फुललेलेच वाटावे. मोहाची कोवळी पालवी तांब्याच्या भांड्यासारखी चकाकते. पळस तर सांगायलाच नको. पानांची शोभा ज्याला म्हणतात ती या जिल्ह्याच्या जंगलात फुकट मांडलेली आहे. ती दिसत नाही, कारण तिला पिशवी नाही आणि चिठ्ठी नाही.

फळांचेही तेच. चार, टेंभरे, जांभळे, कवठ, बेल, बोरे, करवंदे, आवळा, फालसा. पंचेचाळीस अंशांत उभे राहून फळणारी ही झाडे. ज्या उन्हात रंबुतानाचे पान करपते, त्याच उन्हात चार पिकतो. त्याच्या बीतली चारोळी मिठाईच्या दुकानात बदामाहून चढ्या भावाने विकली जाते, आणि ती वेचणाऱ्या सालेकसा-देवरीकडच्या आदिवासी बाईच्या हाती त्यातला लहानसा हिस्सा पडतो. घाईने माल मिळावा म्हणून फांद्याच तोडल्या जातात आणि झाड पुढच्या वर्षाला मुकते. टेंभराची गत आणखी विचित्र. विडीच्या पानासाठी तेंदूचे झुडूप दरसाल छाटले जाते, कोवळे पान मिळावे म्हणून. छाटलेले झुडूप झाड होत नाही, झाड नाही म्हणून टेंभरे नाहीत. गोंदियाच्या शाळेतली पोरे आज ड्रॅगनफ्रूट ओळखतात, टेंभूर ओळखत नाहीत.

मोहाचे झाड शहराच्या अंगणात मावणार नाही हे उघड आहे. ते धुऱ्यावर, गावाच्या आखरावर लावायचे. पण फालशाचे झुडूप लोखंडी पिंपाच्या अर्ध्यात सुखाने वाढते, छाटले की नव्या फुटीवर फळ धरते आणि वैशाखात सरबताला पुरेल इतकी फळे देते. करवंदाचे कुंपण बेशरमीच्या कुंपणाहून पक्के होते, आणि लोणच्याची सोय होते ती वेगळी. कागदी लिंबू, सीताफळ, कलमी जाम, पपई ही मंडळी गच्चीवरच्या पिंपातही तग धरतात. जागा थोडी अधिक असेल तर आवळा. आणि ज्याला ड्रॅगनफ्रूटची हौसच आहे त्याने एक खांब त्यालाही द्यावा. निवडुंग तळ्यात जाऊन माजत नाही. त्याने आपली मेहनत मात्र आधी मोजावी.

खरी अडचण अशी की फालसा किंवा चार लावायचा म्हटले तर रोप मिळत नाही. टेम्पोत थायलंड आहे, सालेकसा नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका दर पावसाळ्यात सवलतीत रोपे देतात, पण त्यांचा भर लवकर उगवणाऱ्या आणि मोजणीत भरणाऱ्या झाडांवर राहतो. हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने चार, कवठ, जांभूळ यांच्या निवडक झाडांची कलमे घराघरांत पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले, तर दहा वर्षांत जिल्ह्याचे चित्र निराळे दिसेल. ज्या महिलांनी तलावातली बेशरम उपसली, त्यांच्याच बचतगटांना ही रोपवाटिका चालवायला दिली तर याहून योग्य हात कोणते? शाळांच्या परसबागांत पालक-मेथीच्या वाफ्याशेजारी एक फालसा आणि एक करवंद लावायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. गणपतीच्या पत्रीसाठी दरसाल बाजारात वाट्टेल तो पाला विकत घेणाऱ्या कुटुंबांनी आघाडा, दूर्वा, बेल, शमी यांची ओळख या निमित्ताने मुलांना करून दिली तर पूजा आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही साधेल.

चारच्या बाबतीत वेळ सांभाळावी लागते. त्याच्या बीचे कवच कठीण असते आणि आतला अंकुर फार दिवस जीव धरून राहत नाही. फळ खाल्ल्यावर बी धुऊन, कवचाला हलकी चीर देऊन त्याच पंधरवड्यात मातीत गेले पाहिजे. मोहाच्या बीचीही तीच कथा, ती आषाढात पडते आणि काही आठवड्यांत मरते. वैशाखाच्या आठवडी बाजारात पळसाच्या पानांच्या द्रोणात काळसर पिकलेले चार घेऊन बाया बसतात. लोक फळ चोखतात आणि बिया तिथेच थुंकून पुढे जातात. बाजार उठला की त्या सगळ्या बिया झाडणीबरोबर नाल्यात जातात.